विसण

छत्तिसाव्या मजल्यावर, गच्चीच्या कोपऱ्यात,
सहा माणसं मावतील एवढा गरम पाण्याचा टब आहे.
त्याचा आकडा मी ठरवतो.
सोसायटीच्या कागदावर मी पूल ऑपरेटर,
बेहरोझ आजींच्या तोंडी पाणीवाला,
घरी रवळू.

जानेवारीत मुंबईला आठ दिवस थंडी पडते,
नवव्या दिवशी लोक स्वेटर धुवायला टाकतात.
तेवढे आठ दिवस चाळीस.
त्याच्या वर नाही. पाटीच आहे तशी,
आणि पाटी नसती तरी चिटणीस डॉक्टर आहेत,
जे स्वतः कधी उतरत नाहीत,
काठावर बसून दुसऱ्यांची नाडी बघतात.

होळी जळाली, थंडी पळाली,
हे हीटरला कळत नाही.
त्याला बोटाने सांगावं लागतं: अडतीस.

मेमध्ये हीटर बंद. तरी पाणी चौतीस.
ऊनच दिवसभर लाकडं सारत असतं खाली.
रात्री नऊला झाकण काढून ठेवतो,
खाडीकडून वारा आला तर एक अंश उतरतो,
नाही आला तर लोक तसेच बसतात
घाम गाळत, पैसे भरलेत म्हणून.

जुलै कठीण.
हवा ओली, अंग ओलं, टॉवेल वाळतच नाहीत.
कोणाला गारठा लागलाय आणि कोण नुसतं कंटाळलंय
ते चेहऱ्यावरून सांगता येत नाही.
सदतीस ठेवतो, अंगाइतकंच.
सातवा लागलेली अन्वयी नुसते पाय सोडून बसते.
म्हणाली, "दादा, पाय आहेत की नाहीत तेच कळत नाही."
मला आबा आठवले. तिला काही बोललो नाही.

ऑक्टोबरात भांडणं.
अकराव्या मजल्याला चाळीस हवं, एकविसाव्याला पस्तीस.
कमिटीने मतं घेतली, साडेसदतीस निघालं.
कोणालाच आवडलं नाही, म्हणून टिकलं.

मी हात घालून बघत नाही. हात खोटं बोलतो,
बर्फाची लादी उचलून आलेला हात
कोमटालाही कढत म्हणतो.

भटवाडीत पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं.
सुगंधा पातेलं चढवते,
मी आबांना मोरीत स्टुलावर बसवतो.
दोन वर्षांमागे त्यांची उजवी बाजू गेली.
एकदा उजव्या पायावर कढत तांब्या उपडा झाला,
तर ते माझ्याकडे बघून हसतच होते.
कातडी लाल झालेली मला आधी दिसली.

तेव्हापासून गच्चीवरून बाद झालेला थर्मामीटर
बादलीच्या कडीला सुतळीने बांधलाय.
काच तडकलीय, लाल रेघ अजून खरी आहे.
आधी कढत, मग विसण:
एक तांब्या, अर्धा, मग ओंजळभर, मग थांबायचं.
वरच्या लोकांना हा शब्द लागत नाही,
त्यांचं विसण भिंतीत असतं, बटणामागे.

आबांना ऋतू नाहीत.
मेमध्येही चाळीस मागतात.
इस्पितळाच्या लॉन्ड्रीत एकतीस वर्षं
वाफेत चादरी उकळल्या त्यांनी,
त्यांच्या लेखी चाळिसाच्या खालचं पाणी प्यायचं.
डाव्या हाताची बोटं बुडवतात, म्हणतात, "थंड."
मी रेघ दाखवतो. ते रेघेकडे बघत नाहीत.

मग जे गच्चीवर कधी केलं नाही ते मी करतो.
रेघ अडतिसावर असताना
रिकामा तांब्या बादलीवर वाजवतो,
"घातलं गरम, आबा. आता चाळीस."
ते पुन्हा बोटं बुडवतात,
बराच वेळ ठेवतात.
"आता कसं," म्हणतात.

त्यांना कळतं की नाही, मी विचारलेलं नाही.

सहाला मला वर पोचायचंय,
थंडीच्या आठ दिवसांतला आज तिसरा.
बादलीत उरलेल्या पाण्यात माझं उरकतो.
किती अंश, ते बघत नाही.